सबोटाजी कुठल्या शिफ्टला?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नवा माणूस आला की आधी तारे शोधतो. मुंबईचा एखादा पुरवठादार फोनवर सहज विचारून जातो, "मुक्काम तिथंच करू ना सर? फाइव्ह स्टार आहे म्हणे." त्याच्या डोळ्यांपुढे पोहण्याचा तलाव असतो. उतरल्यावर डोळ्यांपुढे येते ती फौंड्रीची काळी वाळू, ट्रकांची रांग आणि वडापावच्या गाड्यावरचं उकळतं तेल. हे तारे सरकारी आहेत. रस्ते, पाणी, वीज वगैरे सोयी जरा ऐसपैस दिल्या की औद्योगिक वसाहत पंचतारांकित होते. नागपूरजवळचं बुटीबोरी, संभाजीनगरजवळचं शेंद्रा, अमरावतीचं नांदगाव पेठ ही सगळी आमच्याच तारकापुंजातली. पुरवठादार मुक्कामाला शेवटी कोल्हापूर गाठतो आणि तांबडा-पांढरा ओरपून ताऱ्यांबद्दलची तक्रार विसरतो.

'हॉटेल' हा शब्द मुळात फ्रेंच. इंग्रजांनी तो तिकडून उचलला आणि आपल्याकडे आणून टाकला. एकदा ह्या नजरेनं बघायला लागलं की आमच्या कारखान्यात इंग्रजी वेष्टनातून फ्रेंच माल किती शिरलाय ते दिसतं. कॅन्टीन फ्रेंचांकडून आलेलं. तिथलं कूपनही तिकडचंच. 'कापणे' ह्या अर्थाच्या क्रियापदापासून झालेलं, म्हणजे कापून दिलेला तुकडा. आमच्याकडे चहा-नाष्ट्याचे पैसे पगारातून कापतात, त्यामुळे मूळ अर्थ शाबूत राहिलाय. चॅसी फ्रेंच, गॅरेज फ्रेंच, डेपो फ्रेंच. हल्ली ज्याला एचआर म्हणतात त्याला आमच्या उमेदीच्या काळात पर्सोनेल म्हणायचे, तेही त्याच गावचं. गेटवरच्या वॉचमननं ह्यांतल्या एकालाही कधी अडवलं नाही. झडती झाली ती एकाच शब्दाची, आणि तो गेटमधून आलाच नव्हता. तो ईमेलमधून आला.

महिना जुलैचा. कोल्हापूरचा जुलै म्हणजे राजाराम बंधारा पाण्याखाली गेला का, हे सकाळी पहिलं विचारायचं आणि मग बाकीचं जग. अशा दिवसांत आमच्या फौंड्रीत दुसऱ्या पाळीला सँड प्लँटचा रिटर्न बेल्ट थांबला. फौंड्री न बघितलेल्यांसाठी सांगतो. साचा वाळूचा असतो. त्यात लोखंडाचा रस ओततात, कास्टिंग गार झालं की साचा फोडतात, आणि तीच वाळू बेल्टवरून परत जाते, वाटेत बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी घेऊन पुन्हा साचा व्हायला. बेल्ट थांबला की वाळू थांबते, वाळू थांबली की मोल्डिंग थांबतं. फर्नेसमधला चौदाशे अंशांचा रस मात्र कुणासाठी थांबत नाही. तो शेवटी पिगांमध्ये ओतून टाकावा लागतो. म्हणजे लोखंड वितळवून पुन्हा लोखंडच केलं, मधलं वीजबिल तेवढं पदरात.

प्लँट हेड साहेब नवे होते, बाहेरून आलेले. त्यांनी रात्रीच सगळ्यांना ईमेल टाकली. बेल्ट थांबण्याचं कारण म्हणून तिच्यात दोनच शब्द : 'सस्पेक्टेड सॅबोटाज'. सकाळी ती छापून सूचना फलकावर लागली, कारण आमच्याकडे कागदावर आल्याशिवाय कुठल्याच मेलला कुणी मेल समजत नाही. फलकापुढे गर्दी जमली. एका हेल्परनं अक्षराला अक्षर जुळवून वाचलं आणि मागं वळून विचारलं, "ह्यो सबोटाजी कुठल्या शिफ्टला असतोय?"

कुणी हसलं नाही. तानाजी, संभाजी, धनाजी, बाळाजी ही नावं हजेरीपटावर पावलोपावली भेटतात. त्यात एक सबोटाजी असायला काय हरकत आहे? कंत्राटातला असेल. 'सस्पेक्टेड' म्हणजे सस्पेंड केलंय, असा अर्थ शेजारच्यानं लावून दिला. चहाच्या सुट्टीपर्यंत बातमी फेटलिंगपासून डिस्पॅचपर्यंत पोचली की सँड प्लँटचा सबोटाजी सस्पेंड झाला. कामगार प्रतिनिधी तर एचआरच्या मॅडमपुढे जाऊन उभे राहिले. "मॅडम, आरोपपत्र न्हाई, चौकशी न्हाई, गरिबाच्या पोराला एकदम घरी बसवायचं, हे कुठल्या स्थायी आदेशात बसतंय?" मॅडमनी त्यांना तो माणूस नसून कृत्य आहे, असं समजावलं. प्रतिनिधी म्हणाले, "कृत्य केलंय कुणी तर माणसानंच ना?" कायद्याच्या दृष्टीनं हा मुद्दा बिनतोड होता.

खरा गुन्हेगार तोवर मेंटेनन्सच्या आप्पांनी शोधून काढला होता. बेल्टवरची वाळू ज्या तोंडातून हॉपरमध्ये पडते, त्या तोंडात आडवं काहीतरी अडकलं होतं. वाळू मागं साठत गेली, बेल्ट एका बाजूला सरकला, कडेला फाटला आणि बंद पडला. आप्पांनी हात घालून ते काहीतरी बाहेर ओढलं. कोल्हापुरी चप्पल. डाव्या पायाची. कान असलेली, वर गोंडा असलेली, एकेकाळी तेल पाजून मऊ केलेली आणि आता भाजून पापडासारखी कडक. टाचेखालच्या थरांत बेंटोनाइट शिरून बसलेलं. आप्पांनी ती उलटी करून बघितली, नखानं वादीची शिवण चाचपली आणि म्हणाले, "कापशीची हाय."

हे निदान वाटतं तेवढं सोपं नाही. सेनापती कापशी हे गाव आमच्या कागल तालुक्यातलंच, आणि कापशी हा कोल्हापुरी पायताणाचा नामांकित प्रकार. पण खरी गंमत पुढं आहे. रिटर्न बेल्टवर एक चुंबक असतो. वाळूतून आलेला लोखंडाचा तुकडा, खिळा, सळईचा बोळा, सगळं तो उचलून बाजूला टाकतो. त्यानं चप्पल का नाही अडवली? कारण अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. चामडं चामड्यालाच शिवतात, वादीनं. बाजारातली खिळे ठोकलेली नक्कल असती तर चुंबकानं निदान धरून बघितली असती. ही बिनखिळ्याची, म्हणून कसलीही हरकत न घेता पुढं पाठवली. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या प्लँटमध्ये ते काम एका चुंबकानं केलं, कसलीही फी न घेता.

ती बेल्टवर गेली कशी, हे कुणी कुणाला विचारायची गरज नव्हती. गेटच्या आत सेफ्टी शूज सक्तीचे. पोरं घरून येतात ती मोटारसायकलवरून, आपल्या पायताणात. गेटजवळच्या लाकडी खणांत पायताण ठेवायचं, बूट चढवायचे. पण भिजलेली कोल्हापुरी खणात ठेवली तर संध्याकाळी तिला बुरशी येते, आणि पाण्यानं फुगलेलं चामडं पुन्हा मूळच्या मापाला येत नाही. पावसात आमच्याकडचा शहाणा माणूस चप्पल पिशवीत घालतो आणि स्वतः अनवाणी चालतो. तेव्हा कुणीतरी भिजलेला जोड बेल्टच्या पत्र्यावर, गरम वाळूच्या शेजारी, सुकत ठेवला. पत्रा दिवसभर थरथरतो. डावी चप्पल थरथरत थरथरत कडेला गेली आणि तिनं उडी घेतली. उजवी जागेवर राहिली. मालक कोण, असं साहेबांनी विचारल्यावर आप्पांनी दिलेलं उत्तर मला फार आवडलं. "साहेब, पायताण बगून मी गाव सांगतो. माणूस सांगत न्हाई."

एचआरच्या मॅडम मात्र चप्पल बघून चमकल्या. त्यांनी व्यवस्थापनाच्या पदवीत कुठंतरी ऐकलेली गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये गरीब माणसं लाकडी बूट घालायची, त्याला म्हणतात 'साबो'. यंत्रं आली, कामगारांच्या पोटावर पाय आला, तेव्हा त्यांनी चिडून आपले साबो यंत्रांत फेकले आणि यंत्रं बंद पाडली. त्यावरून सॅबोटाज. साहेब हे ऐकून इतके खूश झाले की पिगांमध्ये गेलेलं लोखंड विसरले. त्यांनी मेलमध्ये जो शब्द सहज टाकला होता, तो व्युत्पत्तीसकट खरा निघाला होता.

अडचण एवढीच की फ्रान्समध्ये असं काही घडल्याचा पुरावा नाही. गोष्ट जगभर सांगतात. कुणी ती हॉलंडमध्ये नेतो, कुणी बेल्जियममध्ये, कुणी लियॉंच्या विणकरांना चिकटवतो. १९९१ सालच्या 'स्टार ट्रेक'च्या सहाव्या चित्रपटात तर अंतराळयानातली एक अधिकारी ही गोष्ट इतिहास म्हणून सांगते, आणि अंतराळातून आलेली गोष्ट खोटी म्हणायची कुणाची छाती आहे? यंत्रं फोडणारे कामगार होऊन गेले, ते खरं. १८११ पासून पुढं काही वर्षं इंग्लंडातल्या लडाइटांनी मोजे विणायची यंत्रं फोडली. पण ती घणांनी. मोजे विणणाऱ्यानं बूट कशाला वाया घालवावा!

खरी व्युत्पत्ती ह्याहून साधी आहे आणि मला विचाराल तर कितीतरी चांगली. साबो म्हणजे एका ओंडक्यातून कोरून काढलेला बूट. तो घालून चाललं की ठकठक वाजतं, पाय नीट उचलत नाही, चाल बेंगरूळ होते. 'साबोते' म्हणजे तसं चालणं. आणि तसं चालणं म्हणजे पुढं जाऊन कसंतरी, धसमुसळं, पाट्या टाकत काम करणं. फ्रेंचमध्ये काम बिघडवणाऱ्याला 'साबोसारखं काम करतोय' म्हणतात. 'सॅबोटाज' ह्या शब्दाला तर तिथं निरुपद्रवी अर्थही होते. साबो बनवायच्या धंद्याला सॅबोटाज म्हणत. रेल्वेच्या लाकडी स्लीपरला रूळ बसवण्यासाठी खाच पाडायच्या कामालाही सॅबोटाजच म्हणत. म्हणजे ज्या कामानं गाडी रुळावर राहते त्याला जो शब्द, तोच ती रुळावरून उतरवण्याला. भाषा अशा वेळी कुणालाच उत्तर द्यायला बांधील नसते.

थोडं आणखी खोदलं तर घरचाच माणूस भेटतो. भाषेचे जाणकार सांगतात की 'साबो' हा शब्द जुन्या पायताणासाठीच्या 'सावात' आणि बुटासाठीच्या 'बोत' ह्या दोन फ्रेंच शब्दांच्या मिसळीतून झाला असावा. हा 'सावात' पोर्तुगिजांच्या 'सापातु'चा भाऊबंद. आणि पोर्तुगिजांचा सापातु गोव्यामार्गे आपल्याकडे उतरला आणि 'सपाता' झाला. आमचे आजोबा संध्याकाळी पायात सरकवून ओसरीवर यायचे त्या सपाता. त्यांना जर कुणी सांगितलं असतं की पायात सॅबोटाजची चुलत बहीण आहे, तर त्यांनी तीच काढून हातात घेतली असती.

मराठी वर्तमानपत्रं सॅबोटाजला 'घातपात' म्हणतात. शब्द जबरदस्त आहे, त्यात रात्र आहे, फिशप्लेट काढलेला रूळ आहे, पोलिसांनी व्यक्त केलेला संशय आहे. पण थांबलेल्या सँड प्लँटला तो फार मोठा होतो. आमच्या बोलण्यातला नेमका शब्द 'खोडा घालणे'. खोडा म्हणजे पूर्वी कैद्याच्या पायात अडकवायचा भोकं पाडलेला ओंडका. म्हणजे लाकूड आलं, पाय आला, अडकवणंही आलं. फ्रेंचांना जे सांगायला बूट कोरावा लागला ते आपण बूट न घालता सांगत आलो. आणि कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. तेव्हा ह्या विषयातले प्राध्यापक गैबी चौकात कुठल्याही वेळी भेटतात. सोसायटीच्या निवडणुकीत कुणी कुणाला कधी खोडा घातला, हे ते सनावळीसकट सांगतील. एकाही प्रकरणात बूट वापरलेला नाही.

पाट्या टाकण्याचं हे शास्त्र जाहीरपणे मांडणारा माणूस होता एमिल पूझे. १८८९ मध्ये त्यानं पॅरिसमधून 'पेर पेनार' नावाचं साप्ताहिक काढलं आणि ते कुणाच्या तोंडून लिहिलं? एका चांभाराच्या. बुटावरून आलेला शब्द जगाच्या पायात घालणारा माणूस चांभाराच्या भाषेत लिहीत होता, हे मी जुळवलेलं नाही. १८९७ मध्ये तुलूझ शहरात सीजीटी ह्या फ्रेंच कामगार महासंघाचं अधिवेशन भरलं, तिथं पूझे आणि त्याच्या साथीदारांनी बहिष्कार आणि सॅबोटाज ह्या दोन हत्यारांवर अहवाल ठेवला आणि तो मंजूर करून घेतला. त्या वेळी कोल्हापुरात शाहू महाराजांना कारभार हाती घेऊन तीन वर्षं झाली होती. आमच्या एमआयडीसीच्या जागी तेव्हा बहुधा ज्वारी डोलत असेल.

पूझेनं ही कल्पना उचलली स्कॉटलंडहून. ग्लासगोच्या गोदी कामगारांची १८८९ मधली हकीकत तो सांगतो ती कुठल्याही शिफ्ट इनचार्जनं पाठ करावी. कामगारांनी मजुरीवाढीसाठी संप केला. मालकांनी खेड्यातून शेतमजूर आणले. त्यांना बोटीवर धड चालता येईना, हातातला माल निम्मा खाली पडे, दोघं मिळून एकाचं काम उरकेना. तरी मालक म्हणाले, आम्ही समाधानी आहोत. संप मोडला. कामगार जुन्याच मजुरीवर परतले तेव्हा त्यांच्या पुढाऱ्यानं सांगितलं की मालक ह्या शेतमजुरांच्या कामावर खूश आहेत ना, मग आपणही अगदी तस्संच काम करू. पाण्यात पडावं मात्र नको. थोड्याच दिवसांत कंत्राटदार मजुरी वाढवून द्यायला स्वतः आले.

इथं एक यंत्र फुटलं नाही. ह्याला आपल्याकडे टंगळमंगळ म्हणतात आणि स्थायी आदेशांत 'कामात मुद्दाम केलेली दिरंगाई' म्हणून ती गैरवर्तनाच्या यादीत छापलेली असते. पूझेचा हिशेब व्यापारी होता. दुकानात पैसे कमी दिले की माल हलका मिळतो, मग मजुरी कमी दिली की काम हलकं का मिळू नये? ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुठल्याही वार्षिक वेतनवाढीच्या बैठकीत मिळालेलं नाही.

पूझेच्या पोतडीत आणखी चिजा होत्या. पॅरिसच्या न्हाव्यांनी दुकानं वेळेवर बंद न करणाऱ्या मालकांच्या दर्शनी रंगावर दाहक द्रव भरलेली अंड्याची कवचं फेकली. रंग सोलून निघाला. काही रेल्वेंत कामगारांनी नियमपुस्तिका काढून तिच्यातला प्रत्येक नियम अक्षरशः पाळला आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. ही युक्ती आपल्याकडे 'नियमानुसार काम' ह्या नावानं आजही आंदोलन म्हणून जाहीर होते. नियमानुसार काम हे आंदोलन असेल तर एरवी कशानुसार चालतं, हा प्रश्न बातमी देणारा वार्ताहरही विचारत नाही.

पण माझी सगळ्यात आवडती चीज म्हणजे 'उघडं तोंड'. ह्यात काहीही बिघडवायचं नाही. गिऱ्हाइकाला खरं सांगायचं, बस. वाढप्यानं सांगायचं की आज शोरब्यात काय काय पडलंय. वाण्याच्या नोकरानं सांगायचं की मापात काय आहे. बांधकामावरच्या गवंड्यानं सांगायचं की भिंतीत काय नाही. पूझेच्या मते ह्याहून धारदार सॅबोटाज नाही. मी क्वालिटी खात्यात आहे, तेव्हा हे वाचून मला जो शहारा आला तो समजून घ्या. ग्राहकाचं ऑडिट असलं की आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांना रांगेत उभं करून एकच मंत्र देतो, "विचारलं तेवढंच बोला." म्हणजे सत्य बोलण्याला आम्ही घातपाताइतकंच भितो आणि एका फ्रेंच माणसानं त्याला तसं नावही देऊन ठेवलंय.

ह्या शब्दाचा चेहरा पुढं बदलला. ऑक्टोबर १९१० मध्ये फ्रान्सच्या रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला. पंतप्रधान होते आरिस्तिद ब्रियां, जे तरुणपणी सार्वत्रिक संपाची भाषणं ठोकत फिरायचे. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी संपकऱ्यांना थेट लष्करात भरती झाल्याचे हुकूम काढले. कामावर या नाहीतर सैनिक म्हणून शिक्षा घ्या. त्या धामधुमीत तारा कापल्याच्या, सिग्नल बिघडवल्याच्या बातम्या इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत आल्या आणि त्यांच्याबरोबर हा शब्दही आला. इंग्रजीनं त्यातली टंगळमंगळ गाळली आणि तारा कापणं तेवढं ठेवलं. मग युद्धं आली आणि सॅबोटाजच्या पायातला साबो जाऊन हातात बाँब आला. अमेरिकेच्या आयडब्ल्यूडब्ल्यू ह्या कामगार संघटनेनं मात्र आपल्या पत्रकांवर लाकडी बूट बरीच वर्षं मिरवला, शेजारी पाठीला बाक दिलेलं काळं मांजर.

आमच्या साहेबांनी सॅबोटाजची चौकशी करायला समिती नेमली. समितीत मेंटेनन्स, प्रॉडक्शन, एचआर, सेफ्टी, स्टोअर्स आणि मी. पहिल्या बैठकीत चप्पल टेबलावर मधोमध ठेवली होती. सेफ्टीवाल्यांनी विषय काढला की मुळात चप्पल गेटच्या आत आली कशी. स्टोअर्सनं विषय काढला की सेफ्टी शूजचा नवा लॉट मार्चपासून अडकलाय. प्रॉडक्शननं त्यांच्या आधीच्या कंपनीतला एक किस्सा सांगितला, जो संपेपर्यंत चहा गार झाला. मग अहवालात 'चप्पल पडली' लिहायचं की 'चप्पल पडल्याचे आढळले', ह्यावर बराच खल झाला. मेंटेनन्सचं म्हणणं, 'पडली' म्हटलं की पडणारीवर जबाबदारी येते. आप्पा बाहेर बेल्ट जोडत होते. त्यांना समितीत घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

मला त्या बैठकीत दुसऱ्या महायुद्धातली एक पुस्तिका आठवत होती. अमेरिकेच्या ओएसएस ह्या गुप्तहेर संघटनेनं, म्हणजे सीआयएच्या थोरल्या भावानं, जानेवारी १९४४ मध्ये ती काढली. शत्रूच्या मुलखातल्या सामान्य माणसांनी हत्याराशिवाय घातपात कसा करावा, ह्याच्या सूचना तिच्यात आहेत. कुलपात काडी मोडा, वंगणात वाळू टाका, वगैरे. पण पुस्तिकेचा खरा जीव शेवटच्या पानांत आहे, जिथं कचेऱ्यांना खोडा कसा घालावा ते सांगितलंय. प्रत्येक गोष्ट रीतसर मार्गानंच जाऊ द्या. प्रत्येक विषय अभ्यासासाठी समितीकडे सोपवा आणि समितीत पाचांपेक्षा कमी माणसं नकोत. लांबलचक भाषणं करा, स्वतःचे अनुभव सांगा. असंबद्ध मुद्दे काढा. ठरावातल्या शब्दरचनेवरून वाद घाला. मागच्या बैठकीत ठरलेलं पुन्हा उकरा. जास्त महत्त्वाचं काम खोळंबलं असेल तेव्हाच बैठक बोलवा. जिथं एकाची सही पुरते तिथं तिघांच्या घ्या.

मी टेबलाभोवतीची माणसं मोजली. सहा. शत्रूच्या मुलखात आम्हांला पदक मिळालं असतं. थॉर्स्टाइन व्हेब्लेन ह्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९१९ मध्येच लिहून ठेवलंय की सॅबोटाज काही कामगारांचाच मक्ता नाही, भाव टिकावा म्हणून उत्पादन हात राखून करणारा धंदेवाला तेच करतो. त्यानं आमची समिती बघितली असती तर फायद्यासाठी नव्हे, निव्वळ हौसेखातर सॅबोटाज करणाऱ्यांचा एक तिसरा वर्ग त्याला काढावा लागला असता.

अहवाल शेवटी झाला. कारण : 'पादत्राण पट्ट्यावर पडल्याचे आढळले'. उपाय : बेल्टला झाकण, खणांजवळ पायताणं सुकवायला जाळीची मांडणी आणि खाली एक पंखा. झाकण आणि मांडणी दोन्ही आप्पांनी समितीच्या पहिल्या बैठकीच्या दिवशीच स्क्रॅपमधल्या अँगलपासून बनवून बसवली होती. सबोटाजीचं सस्पेन्शन मागे घेतल्याचंही प्रतिनिधींनी सगळ्यांना सांगून टाकलं. त्यांच्या यशाच्या यादीत ते आजही आहे.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडानं हुबेहूब कोल्हापुरीसारखी पायताणं मंचावर उतरवली आणि मूळ कुठलं हे सांगायचं राहून गेलं, तेव्हा इकडं केवढा गदारोळ झाला. आमच्या कॅन्टीनमध्येही झाला. "आमची पायताणं चोरली!" असं एक जण तावातावानं म्हणाला तेव्हा आप्पांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तुजी डावी का उजवी?" त्यानं मान खाली घालून उपमा संपवला. मालक कोण ते सगळ्या टेबलाला कळलं आणि सगळ्या टेबलाला लगेच विसरायलाही झालं.

जोड पुरावा म्हणून माझ्याकडे आला. क्वालिटी खात्यात आलेली वस्तू ओळखपट्टीशिवाय ठेवता येत नाही, म्हणून आमच्या पोरानं दोन्ही चपलांना लाल टॅग बांधला, नंबर घातला आणि गेजच्या कपाटात, स्नॅप गेज आणि प्लग गेजच्या मधे, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवून दिल्या. पुढं आयएटीएफ १६९४९ चं ऑडिट आलं. मंत्र देऊन झाला होता. ऑडिटर साहेबांनी गेजचं कपाट उघडलं, एक एक ट्रे बघत गेले आणि चपलेपाशी थांबले. "हे काय आहे?" त्यांनी आमच्या पोराला विचारलं. मी मागून डोळे वटारले, खोकून बघितलं. पोरगं उत्साहानं बोलत सुटलं. पाऊस, पत्रा, डावी चप्पल, बिनखिळ्याची म्हणून चुंबक, सबोटाजी, समिती, सगळं. चौदाशे अंशाचा रस पिगांमध्ये ओतल्याचं आणि ते लोखंड पुन्हा कुठल्या हीटमध्ये गेलं, तेही. पूझे असता तर त्यानं त्याला मिठीच मारली असती.

ऑडिटर साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा वर केला, टॅग उलटसुलट करून वाचला आणि वहीत लिहिलं : कपाटातल्या वस्तूला ओळख क्रमांक आहे, परंतु कॅलिब्रेशनची तारीख नाही.